पोटातलं जुवें

गोकुळदासाला उंदीर आवडत नाहीत आणि उंदरांना गोकुळदास आवडत नाही. एकमेकांबद्दल इतकं स्पष्ट मत असलेले दोन पक्ष आमच्या गावात दुसरे नाहीत. म्हणजे गोकुळदास आणि विठू सोडले तर; विठूचं पुढे येईल. आमचा गाव पेडणे तालुक्यात, धारगळच्या जरा आत, नदीच्या काठाला. नाव सांगत नाही. मला अजून तिथेच राहायचं आहे.

तीस वर्षं गोकुळदासाने उंदीर मारले. माडावर उंदीर चढतो, कोवळं फळ कुरतडतो आणि खाली टाकतो, निम्मंसुद्धा खात नाही, या गोष्टीचा त्याला मनस्वी राग. "खाल्लंन तर मी काय बोललो नसतो, मास्तर. नासता तो," असं तो मला सांगायचा. सापळे स्वतः बनवायचा, बांबूच्या कांबीचे आणि मोडक्या छत्रीच्या तारांचे. धारगळपासून मांद्र्यापर्यंत माडांच्या मालकांना त्याचा फोन नंबर पाठ. पुढे गुडघ्यांनी माडावर चढायला नकार दिला आणि त्याच सुमाराला आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या माळावर, एका औषध कंपनीची संशोधनाची इमारत उभी राहिली. तिथे उंदरांचा अनुभव असलेला माणूस हवा होता.

मुलाखत घेतली शुभांगी मॅडमनी. बेळगावकडच्या, प्राण्यांच्या डॉक्टर, बोलणं तासलेलं.

"उंदरांचा अनुभव किती?"

"तीस वर्षां."

"अंदाजे किती उंदीर हाताळले असतील?"

"हजारांनी."

"बरं. पुढे त्यांचं काय झालं?"

गोकुळदासाने थोडा विचार केला. "बरे गेले, मॅडम. एकानेय तक्रार केली नाय."

मॅडमना तो भूतदयाळू वाटला आणि नोकरी लागली. कामाचं स्वरूप त्याला पहिल्या दिवशी कळलं, तेव्हा दोन तास तो बाल्दी उपडी घालून तिच्यावर बसून राहिला. उंदीर जगवायचे होते. पांढरे, लाल डोळ्यांचे, प्रत्येकाला नंबर. त्यांचा भुसा बदलायचा, वजन घ्यायचं, खाणं मोजून द्यायचं, खोली गार ठेवायची. सात नंबरचा उंदीर पहिल्याच दिवशी त्याच्या अंगठ्याला चावला आणि पुढे रोजचा नेम असल्यासारखा चावत राहिला; अंगठ्याची पट्टी कायमची झाली. "ह्याका कोणी तरी सांगलां माझा पूर्वीचा," असं गोकुळदासाचं मत.

एवढ्या वैरातही त्याने ती नोकरी धरून ठेवली, त्याचं कारण त्याच्या घरात होतं. सिद्धी, त्याची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांची असताना घागरभर पाणी पिऊन तहान भागेना, हातापायांच्या काड्या झाल्या. म्हापशाच्या डॉक्टरने एका थेंबात रोग सांगितला: मधुमेह, तोही लहान मुलांचा, गोळीने न भागणारा. तेव्हापासून दिवसाला चार सुया, आणि त्यांचा खर्च. आता ती तेवीस वर्षांची आहे, म्हणजे सुयांचा हिशेब तुम्हीच करा. मी करत नाही.

गावात हे कोणालाही ठाऊक नव्हतं. तशी व्यवस्था विमलाने, म्हणजे गोकुळदासाच्या बायकोने, केली होती. पोरीला पित्ताचा त्रास आहे म्हणून गोड चालत नाही, असं जाहीर होतं. इन्सुलिनची पेनं फ्रिजमध्ये, 'कोकम आगळ' असं लिहिलेल्या डब्यात असायची. सुई घ्यायची तर आतल्या खोलीत, जनेल, म्हणजे खिडकी, लावून. मी शेजारी, एकदा सिद्धी माझ्या सोप्यावर घाम येऊन कोसळली आणि मी तिला साखरपाणी पाजलं, म्हणून मला समजलं. विमलाने त्याच दिवशी माझ्याकडून ग्रामदेवी सातेरीची शपथ घेतली. "लग्न होऊंचा आसा मास्तर तिचा. तोंडातून गेला तर तुमचा-आमचा संपला." विमला धमकी देते तेव्हा आवाज चढवत नाही, त्यामुळे ती जास्त लागते.

तर गोकुळदासाने महिनाभर भुसा बदलल्यावर एक दिवस मॅडमना विचारलं, हे चाललंय काय. मॅडमनी त्याला सूक्ष्मदर्शकात डोळा लावायला लावला. पोटात जठराच्या मागे एक लांबट ग्रंथी असते, त्या म्हणाल्या, स्वादुपिंड. तिच्यात पेशींचे बारीक बारीक पुंजके असतात, समुद्रातल्या बेटांसारखे विखुरलेले. इंग्रजीत त्यांना आयलेट म्हणतात. इन्सुलिन तिथेच तयार होतं.

"म्हणजे जुवीं," गोकुळदास म्हणाला. बेटाला आमच्याकडे जुवें म्हणतात.

"तेच. लहानपणी ज्यांना मधुमेह होतो ना, त्यांचं शरीरच या बेटांना परकं समजतं आणि मारून टाकतं. या उंदरांची बेटं आम्ही औषधाने मारली आहेत. आता दुसऱ्या उंदरांची बेटं त्यांच्यात ठेवायची. पण ती तर खरोखरच परकी. शरीर त्यांच्यावर तुटून पडतं."

"भायले म्हणून?"

"भायले म्हणून."

"आमची ग्रामसभा," गोकुळदास म्हणाला.

मॅडम स्वतः बेळगावच्या, दोन वर्षांत तीन घरं बदललेल्या. त्या हसल्या नाहीत, नुसती मान हलवली. मग त्यांनी काचेच्या बशीतले वाटोळे मणी दाखवले, मोहरीपेक्षा लहान. समुद्री शेवाळापासून काढलेल्या पारदर्शक लगद्याचे. परकी बेटं या मण्यांत बंद करायची. साखर आत जाईल, इन्सुलिन बाहेर येईल, पण मारायला येणाऱ्या पेशी मोठ्या, त्या आत शिरू शकणार नाहीत.

गोकुळदासाला हे लगेच पटलं. जाळ्याचा डोळा केवढा ठेवायचा यावर कोणता मासा आत राहतो ते ठरतं, हे नदीकाठच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

"ह्यां माणसांक कधी?" त्याने विचारलं. सिद्धीचं नाव घेतलं नाही, पण मॅडमना त्याच्या आवाजावरून काहीतरी समजलं असावं.

"खोटं सांगू की खरं? माणसांत थोड्या ठिकाणी करतात, पण मग परक्याला स्वीकारावं म्हणून शरीर दाबून ठेवणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. मण्यांनी ती औषधं टळतात का, हे बघायचंय. या बारा उंदरांची साखर नव्वद दिवस ताब्यात राहिली तर पुढची पायरी. पुढच्या पायरीनंतर आणखी दहा. तुम्ही नव्वद दिवस सांभाळा."

बारा उंदरांत मणी घातले गेले आणि गोकुळदास बदलला. शेपटीच्या टोकातून थेंब घेऊन साखर मोजतात. साडेचारशेच्या वर असलेले आकडे आठवड्याभरात दीडशेच्या खाली आले, तेव्हा तो घरी येऊन जेवलाच नाही, नुसता सिद्धीकडे बघत बसला. सात नंबर चावायचा तो चावतच होता. साखर उतरल्यावर तर जास्त जोराने चावायला लागला, ही गोष्ट गोकुळदास प्रगती म्हणून सांगायचा.

आता माझा गुन्हा. कंपनीला शेड वाढवायची होती. पंचायतीच्या फलकावर मराठीत नोटीस लावायची आणि हरकती मागवायच्या, अशी पद्धत. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. भाषांतर माझ्याकडे आलं. पाठ्यपुस्तकात 'द्वीपिका' की असा काहीतरी शब्द आहे, पण लोकांना सोपं कळावं या उदात्त हेतूने मी लिहिलं: 'कंपनीच्या जागेत प्राण्यांमध्ये बेटांचे प्रत्यारोपण करण्याच्या कामासाठी वाढीव शेड बांधण्याचा प्रस्ताव आहे.'

लोकांना सोपं कळलं. दुसऱ्या दिवशी पोदेर पाव घेऊन आला तो बातमीही घेऊन आला: कंपनी जुवें घेतेय.

आमच्या नदीत एक जुवें आहे. चाळीसेक माड, एक तुळस, भरतीला अर्धं. पण ज्या तालुक्यात सकाळी उठून बघावं तर डोंगराचा तुकडा विकलेला असतो, तिथे जुवें जाणं कोणालाच अशक्य वाटलं नाही. 'प्राण्यांमध्ये' या शब्दावरून दुपारपर्यंत जुव्यावर वाघ सोडून पर्यटकांना दाखवणार, हे नक्की झालं. संध्याकाळी वाघांसोबत कॅसिनोही आला.

जुव्यावरचे बरेचसे माड विठूचे. अठरा वर्षांपूर्वी याच माडांखाली गोकुळदासाने लावलेल्या सापळ्यात विठूच्या उजव्या पायाचा अंगठा सापडला होता. अंगठा बरा झाला. संबंध झाले नाहीत. गोकुळदास कंपनीत कामाला, कंपनी जुवें घेणार. विठूला आणखी पुराव्याची गरज नव्हती.

"आधी माझो आंगठो घेतलो," तो तिठ्यावर सांगत सुटला, "आता जुवें घेता."

गोकुळदासाच्या घराकडे लोक बघेनासे झाले. पोदेर त्याच्या फाटकाशी घंटा वाजवेना. त्यातच कंपनीच्या हैदराबादच्या मुख्य कचेरीतून निरोप आला, तो मॅडमनी गोकुळदासाला वाचून दाखवला: स्थानिक विरोध असेल तर काम तिथून हलवा.

"म्हणजे उंदीर हैदराबादेक?"

"इतक्या प्रवासाने त्यांची साखर चढेल, सगळे आकडे बिघडतील. मग ते उंदीर उपयोगाचे नाहीत." मॅडमनी निरोपाचा कागद मिटला. "इथेच संपवावे लागतील. रविवारी ग्रामसभा. विरोध झाला तर सोमवारी."

एकाहत्तरावा दिवस होता. तीस वर्षं सापळे लावलेला माणूस त्या दिवशी माझ्या सोप्यावर येऊन म्हणाला, "मास्तर, माझे बारा उंदीर मारतले." आणि खालमानेने चहा प्यायला.

रविवारची ग्रामसभा भरली. एरवी कोरम जमवायला माणसं हाताला धरून आणावी लागतात. त्या दिवशी बायका जनेलांतून आत वाकून उभ्या होत्या. विठू पहिल्या रांगेत, सापळ्यात सापडलेला अंगठा चपलेबाहेर काढून, पुरावा म्हणून. विमला आणि सिद्धी बायकांत मागे.

"नोटिशीत लिहिलां ता खरां काय खोटां?" विठूने सुरुवात केली. "बेट लिहिलां काय नाय?"

मी उभा राहिलो. शपथ मोडल्याशिवाय जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. शब्द माझा, चूक माझी, बेट म्हणजे नदीतलं नव्हे, पोटातल्या पेशींचा पुंजका.

"पोटात बेट?" विठूने सभेकडे वळून विचारलं. "मास्तरांच्या पोटात जुवें आसा. माड किती?"

सभा हसली. कोणीतरी मागून म्हणालं, "मास्तर कंपनीचे झाले." पस्तीस वर्षांत माझ्या वर्गात इतकं एकमत कधी झालं नव्हतं.

मग विठू गोकुळदासाकडे वळला. "तू सांग. तू थंय कामाक आसस. काय ता बेट? कोणाच्या पोटात? कोणाच्या कामाचा?"

गोकुळदास उठला. तोंड उघडलं. त्याला ते सगळं सांगता येत होतं. घरात चौदा वर्षं तेच चाललं होतं. त्याने मागे पाहिलं. विमला त्याच्याकडे टक लावून बघत होती. डिचोलीच्या एका घराशी सिद्धीच्या लग्नाचं बोलणं जवळजवळ ठरलं होतं, पुढच्या आठवड्यात माणसं यायची होती. सोमवारी बारा उंदीर, पुढच्या आठवड्यात डिचोली. मधे हा उभा.

"माका ठावक नाय," तो म्हणाला आणि खाली बसला.

"ठावक नाय!" विठू सेक्रेटरीला म्हणाला. "लिही. ठावक नाय."

"विठूमामा, माका ठावक आसा."

सिद्धी पुढे आली होती. विमलाने तिची ओढणी धरली होती, ती हातात राहिली. सिद्धीने पिशवीतून छोटं यंत्र काढून सेक्रेटरीच्या मेजावर ठेवलं, बोटाला टोचलं, थेंब पट्टीला लावला. सभागृहात पंख्याचा आवाज येऊ लागला. तो इतका वेळ चालूच होता.

"जुवीं सगळ्यांच्या पोटात आसत," ती म्हणाली. "तुमच्याय, मामा. माझीं, मी नऊ वर्षांची असताना, बुडालीं. माका पित्त नाय. मधुमेह आसा. दिवसाक चार सुयो घेतंय, जनेल लावून." मग यंत्राकडे बघून, "दोनशे बारा. लिहा."

सेक्रेटरीला ग्रामसभेत कोणी 'लिहा' म्हटलं की लिहायची सवय. इतिवृत्तात तो आकडा आजही आहे, रस्त्याच्या खड्ड्यांच्या आणि पथदिव्यांच्या मधे.

"बाबांच्या कामार बारा उंदीर आसत, त्यांची अशीच बुडालेली. परत बसवल्यांत. तीं टिकतात काय बघूचा आसा. माझ्यासाठी नाय, माझ्या वेळेर होवचा नाय. पण कोणाच्या तरी नऊ वर्षांच्या पोरीच्या वेळेर होईत."

 जनेलातली एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "म्हणून ती नेवरी खायनासली." चौदा गणेशचवथींना सिद्धीने गोड करंजी का नाकारली, हे कोडं तिला सुटलं होतं.

आता विठूने माघार घ्यायला हरकत नव्हती, पण माघार हा शब्द त्याच्या घराण्यात नाही. तो उभा राहिला, अंगठा चपलेत घातला. सिद्धीकडे न बघता म्हणाला, "पोटातला आसू दे, न्हंयतला आसू दे. बेट ता बेट. गावातला एकय बेट गावाभायर जाता कामा नये. आणि शेड नाका. ठराव लिहा."

एक वाजून गेला होता. घरोघरी आमटी थंड होत होती. ठराव एकमताने संमत झाला: 'या गावातील कोणतेही बेट, ते कोठेही असो, गावाबाहेर हलवण्यास ग्रामसभेची सक्त मनाई आहे. वाढीव शेडला परवानगी नाही.'

हैदराबादला ठरावाची इंग्रजी प्रत हवी होती. काम पुन्हा माझ्याकडे आलं. मी पाटी-पेन्सिल घेतलेल्या पोरासारखा एकेक शब्द लावला. 'बेट' या शब्दापाशी आलो आणि थांबलो. इंग्रजीत त्याला दोन शब्द आहेत. एक नदीतला. एक पोटातला, ज्याचं मी नोटिशीत 'बेट' करून ठेवलं होतं. मनात सातेरीची क्षमा मागितली आणि लिहिलं: आयलेट.

मुख्य कचेरीतल्या वकिलांनी तो कागद म्हणे चार वेळा वाचला. आयलेट जाऊ देणार नाही असा हट्ट धरणारं गाव त्यांनी आधी पाहिलं नव्हतं. शेड रद्द झाली, पण उंदीर होते तिथेच ठेवा, असा निरोप आला. विठू तिठ्यावर अजून सांगतो की जुवें त्याने वाचवलं. ते खोटं आहे असं मला शपथेवर सांगता येणार नाही.

डिचोलीचा फोन सोमवारीच आला. मुलाची आई, शालिनीबाई.

"आमकां आधी सांगूंक जाय आशिल्लें," आधी का नाही सांगितलं, एवढंच त्या म्हणाल्या आणि कशी आहे सिद्धी, असंही विचारलं, म्हणजे माणसं वाईट नव्हती. पुढच्या आठवड्यात कोणी आलं नाही.

विमला तेव्हापासून गोकुळदासाशी बोलत नाही. जेवण वाढते, कुलेर, म्हणजे डाव, ताटात आपटते. आपटण्यावरून त्याने समजायचं आमटी हवी का. माझ्याशीही बोलत नाही. मी शपथ पाळली होती हे तिला मान्य आहे, पण नोटीस माझी होती. एकदा कुंपणावरून तिने मला ऐकू येईल अशा बेताने म्हशीला सांगितलं, "सोपा मराठी लिहूंक गेले."

सिद्धी आता सोप्यावर बसून सुई घेते. रस्त्यावरून जाणारे येणारे बघतात. आधी मान वळवायचे, आता विचारतात, आज कितकी. विठू रोज त्याच वेळेला तिथून जातो. थांबत नाही, बघत नाही, रस्त्याकडे तोंड करून म्हणतो, "दोनशेच्या आत आसा काय नाय?" आणि उत्तर ऐकायला पावलं जरा हळू टाकतो. गोकुळदास आत असेल तर मात्र थुंकून जातो.

नव्वद दिवस झाले. बारांपैकी एक शेवटच्या आठवड्यात मेला, दोघांची साखर परत चढली. नऊ टिकले. मण्यांमुळेच टिकले याची खात्री करायची म्हणून मॅडमनी एका उंदराला भूल देऊन त्याच्यातले मणी काढून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याची साखर चारशेच्या वर. गोकुळदासाने घरी येऊन सिद्धीला तेवढंच सांगितलं, "काढलीं तशी चढली." ती म्हणाली, "मग होतीं तर."  आतून कुलेर आपटल्याचा आवाज आला, पण हळू.

मणी काढलेला उंदीर कोणता हे मी त्याला विचारलं नाही. अंगठ्याला पट्टी बांधलेली नव्हती, त्यावरून कळत होतं. पण शिक्षकाची खोड, राहवलं नाही.

"सात नंबराचं पुढे काय झालं?"

"बरो गेलो, मास्तर." त्याने सवयीने म्हटलं. मग अंगठा उजेडात धरला. पहिल्या दिवसापासूनचे दात त्यावर होते, काही जुने, काही अलीकडचे, एकावर एक. "ह्याने तक्रार केल्यान पण."